मदत हवी आहे : क्रेडिट कार्डाची थकबाकी कशी फेडावी?

सप्रेम नमस्कार. आम्ही डिचोलीला राहतो. यजमानांच्या २४,००० रुपये पगारात घरभाडे, दोन मुलांचे शिक्षण आणि सासूबाईंची औषधे भागवावी लागतात. मला गोवा सरकारच्या गृह आधार योजनेतून मिळणारे १,५०० रुपये गॅस आणि दुधातच संपतात. सासूबाईंच्या आजारपणात आणि पाठोपाठ आलेल्या चवथीत कार्ड वापरले गेले, आणि आज थकबाकी ८६,००० रुपये आहे.

दरमहा साडेतीन टक्के व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, हे गणित परवा वहीच्या मागच्या पानावर मांडले तेव्हा कळले की, आम्ही निमूटपणे भरत असलेल्या ४,३०० रुपयांच्या किमान रकमेतून मुद्दल जेमतेम ७५० रुपयांनी घटते. थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणून कार्ड आता कपाटात शालूखाली ठेवले आहे.

माझ्या पाटल्या तारण ठेवून कार्ड एकरकमी फेडावे, असे मला वाटते. यजमानांना मात्र थकबाकीचे मासिक हप्ते करून घेणे बरे वाटते. (पाटल्या माझ्या आईच्या आहेत, हे त्यांच्या मनात असावे.) प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी धरून हप्ते प्रत्यक्षात कितीला पडतात, आणि सोनेतारण घेताना बँक बरी की पतसंस्था, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.