प्रतिसाद: घानाचा गट-प्रवास, केप कोस्टचा दिवस

घानाच्या गट-प्रवासाच्या मांडलेल्या आराखड्यात केप कोस्ट या किनारी शहरातला गुलामांच्या व्यापाराचा किल्ला, जवळचं काकुमचं जंगल, शाळेची भेट आणि किल्ल्यानंतर योगवर्ग असं सगळं एकाच दिवसात बसवलं आहे. हे जमणार नाही. राजधानी अक्राहून केप कोस्ट साधारण 145 कि.मी., पण वाटेतल्या कासोआ गावच्या वाहतूककोंडीमुळे चार तास सहज जातात. तिथे दोन मुक्काम हवेतच.

काकुमला उजाडताच पोहोचा. तिथे झाडांच्या शेंड्यांमधून जाणारे सात झुलते पूल आहेत, 30 मीटरहून जास्त उंच, फळी जेमतेम एका पावलाची. उशीर झाला की सहलींची गर्दी होते, मग पुलावर थांबताही येत नाही.

किल्ल्यानंतरची संध्याकाळ मोकळी ठेवा. गुलामांना जिथे कोंडून ठेवत, त्या हवा यायला जेमतेम झरोका असलेल्या तळघरांतून बाहेर आल्यावर लगेच योगवर्ग ठेवणं मला तरी अयोग्य वाटतं. योग दुसऱ्या दिवशी पहाटे करा. समुद्रात मात्र पोहू नका, ओढ जबर असते.

शाळेसाठी वह्या इथून नेऊ नका. केप कोस्टच्या कोटोकुराबा बाजारात घ्या म्हणजे पैसा तिथेच राहील. आधी मुख्याध्यापकांकडून यादी मागवा आणि सामान त्यांच्याच हाती द्या. मुलांना रांगेत उभं करून वाटप, फोटो नकोत. तास बुडतो आणि मुलांचा मानही जातो.

यलो फीवरची लस किमान 10 दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्या परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात, नेमके किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. बरेच जण इथेच चुकतात.

शक्यतो मंगळवारी केप कोस्टजवळच्या एल्मिना या कोळ्यांच्या गावाला जा. त्या दिवशी प्रथेप्रमाणे मासेमारी बंद असते, रंगीत होड्या काठाला लागलेल्या असतात आणि कोळी जाळी दुरुस्त करत बसलेले दिसतात.