टीव्हीला पाठवलेलं पत्र : मराठवाड्यातले तुमचे अनुभव लिहा

गोदाकाठ

दिवाळीच्या आवराआवरीत वडलांच्या ट्रंकेत पंधरा पैशांचं एक पोस्टकार्ड सापडलं. पत्ता पूर्ण, वळणदार अक्षरात : मुंबई दूरदर्शन केंद्र, वरळी, मुंबई ४०० ०३०. मागं नुसतं 'स. न. वि. वि.' आणि खाली कोरं. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. आईला विचारलं तर म्हणाली, "बातम्यावाल्यांना काहीतरी कळवायचं म्हणत होते. पावसाचंच असंल."

मुंबईचं केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्या दुष्काळाच्या साली आमच्याकडं माणसं खडी फोडत होती आणि पोरं सुकडी खात होती. टीव्ही ही चीज गावात यायला पुढं बरीच वर्षं गेली. पण आली तशी लोकांनी तिला पत्रं लिहायला सुरुवात केली. बातम्या, शेती, आरोग्य, चर्चा, संसद, असल्या कार्यक्रमांना आपल्या भागातून कुणी काय लिहिलं, त्याचं पुढं काय झालं, ते या धाग्यावर सांगा. उत्तर आलं नसलं तरी चालेल. मालिकेतल्या सुनेला लिहिलेली पत्रं मात्र नकोत, त्यांच्यासाठी वेगळा धागा काढू.

मोसंबीवाला

आमचं गाव पैठणच्या अलीकडं. म्हैसमाळचा टीव्हीचा मनोरा धरायला आम्ही जांभळीच्या शेंड्याला बांबू अन् त्याच्यावर अँटेना बांधली होती. वारं सुटलं की पडद्यावर मुंग्या. एक पोरगं कायम झाडाखाली बांबू फिरवायला.

त्या साली बागेत डिंक्या शिरला. बुंध्याची साल तडकायची, तिथून डिंक गळायचा, पानं पिवळी पडून फांद्या शेंड्याकडून वाळत यायच्या. दुकानदार दर खेपेला नवी बाटली हातात द्यायचा. शेवटी आबांनी 'आमची माती आमची माणसं'ला पत्र लिहिलं. पाकिटात सालीचा एक वाळका तुकडाही घातला. मी म्हणलं, आबा, टीव्हीवाले काय साल तपासतेत का? म्हणले, डाक्टरकडं जाताना दुखणं घरी ठेवून जातेत का?

दीडेक महिन्यानं एका संध्याकाळी निवेदिकेनं आमच्या गावाचं नाव घेतलं. अख्खं घर उठून उभं राहिलं. आबांचं नाव घेतलं. "तुमच्या मोसंबीच्या बागेत" इथपर्यंत आलं आणि लाईट गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडायला शेजारच्या वस्तीवरचे नाना सायकलवर हजर. त्यांचा टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा. बिडीच्या पुड्याच्या कागदावर त्यांनी लिहून आणलं होतं : मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर, बोर्डो पेस्ट, साल खरवडून लावणे. भांडं कोणतं ते लिहायचं राहिलं. आम्ही मोरचूद लोखंडी घमेल्यात भिजवलं. घमेल्याला तांबं चढलं आणि मोरचूद गेलं वाया. मग प्लास्टिकच्या टपात केलं. मोरचूद वेगळं, चुना वेगळा, मग दोन्ही एकत्र. त्यात विळ्याचं पातं बुडवून बघायचं. पातं तांबूस झालं की चुना कमी पडला, अजून घालायचा. हे नंतर आम्हाला परभणीच्या कृषी विद्यापीठात समजलं. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळी पण तिथंच कळली.

बरीचशी झाडं वाचली. पण आबांना शेवटपर्यंत एकच हळहळ, "आपलं नाव घेतलेलं पुढचं काय बोलली ती बाई, ते आपण ऐकलंच नाही."

भारनियमनग्रस्त

मोसंबीवाले दादा, लाईट नेमकी तेव्हाच जायची हा मराठवाड्याचा घटनादत्त अधिकार आहे.

पोस्टमास्तरची लेक

मी पत्रं पाठवणाऱ्यांतली नाही, नेणाऱ्यांच्या घरची. कंधार तालुक्यात वडील शाखा डाकपाल होते. ओसरीतच पोस्ट. शिक्क्याच्या शाईनं माझे तळवे कायम काळे.

'सुरभी'चे दिवस आठवतात? सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे. कार्यक्रमाच्या शेवटी प्रश्न, उत्तर पोस्टकार्डावर पाठवायचं. एका आठवड्यात चौदा लाखांवर पत्रं आल्याचा विक्रम झाला. साधं कार्ड पंधरा पैशांचं, म्हणून टपाल खात्यानं स्पर्धेसाठी दोन रुपयांचं वेगळं कार्ड काढलं. दोन रुपयांची बातमी आली त्या दिवशी आमच्या ओसरीत जे भांडण झालं! लोकांना वाटलं वडलांनीच भाव वाढवला. एक आजोबा रोज येऊन म्हणायचे, "मास्तर, पंधरा पैशाच्यावरच टाका की, दिल्लीला काय कळतंय."

खरी गंमत अशी, की उत्तर गावात एकालाच यायचं, ते म्हणजे हायस्कुलातल्या इतिहासाच्या सरांना. त्यांच्या कार्डावरून सगळं गाव उतरवून घ्यायचं. सर चुकले की चाळीस कार्डं एकदम चुकीची जायची, एका थैलीतून, एकाच शिक्क्याखाली.

गोदाकाठ

ताई, हे वाचून घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दूरदर्शनवरच्या आकाशानंदांच्या 'ज्ञानदीप' कार्यक्रमालाही अशीच गठ्ठ्यानं पत्रं यायची. ती लिहिणाऱ्यांनी पुढं गावोगाव ज्ञानदीप मंडळं काढली. त्यातलं कुणी इथं असेल तर लिहा.

कोयत्याची लेक

लिहू का नको असं दोन दिवस करत होते.

आम्ही बीड जिल्ह्यातले. माय आणि बाप दोघं मिळून एक कोयता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे कोयता, उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, त्या जोडीच्या नावावर. दसरा-दिवाळी झाली की टोळी निघायची, मी आजीजवळ.

२०१९ साली आमच्याकडच्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच दिवसांत एका वाहिनीवर चर्चा लागली होती. चार जण बसलेले, चौघंही शहरातले. त्यातला एक म्हणाला, मूळ प्रश्न या महिलांमध्ये जागृती नसण्याचा आहे. माय भाकरी थापत होती. हात तसाच परातीत राहिला. तव्यावरची भाकरी करपली तरी उठली नाही. मग म्हणली, "वही आण. लिही."

मी तेव्हा नववीत. ती बोलत गेली तसं उतरवलं, अजून पाठ आहे :

"जागृती हाय आम्हाला. एक दिवस बसलं की खाडा धरतेत, पाचशे कापतेत. दोघांतलं एक बसलं की सगळा कोयताच बसतो, मग उचल फिटत नाही, पुढल्या सालीबी जावंच लागतंय. फडात आडोसा नसतो, धुवायला पाणी नसतं. दुखायला लागल्यावर डाक्टर म्हणतो काढून टाक, नाहीतर क्यान्सर होईल. दोन लेकरं झाली, आता काय करायची पिशवी, असं सगळेच म्हणतेत. तुम्ही चौघं बसता त्यात एक बाई फडातली बसवा."

खाली नाव नको म्हणली. 'एक ऊसतोड बाई' एवढंच. बापानं तालुक्याला जाऊन रजिस्टर केलं.

पुढच्या आठवड्यात त्याच कार्यक्रमात पत्र वाचलं. तीन ओळी. निवेदक 'उचल' शब्दावर अडखळला, 'उचलणे' म्हणाला. शेवटची ओळ वाचलीच नाही. मी लई चिडले. माय म्हणली, "वाचलं की. करपलेल्या भाकरीचे पैसे वसूल झाले."

दोन दिवसांनी मुकादम दारात. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि उठताना म्हणला, "कोणत्यातरी बाईनं टीव्हीला लई खरं लिहिलंय बगा." मायकडं बघून म्हणला का उगीच म्हणला, ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. त्या साली उचल मात्र त्याच्याकडूनच घेतली.

पोस्टमास्तरची लेक

ताई, काय बोलावं. आईंना माझा नमस्कार सांगा.

रिकामा हंडा

आमचं लातूर, २०१६. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते सगळ्यांनी बघितलं असेल. पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. प्रत्येक वाहिनीवर इंजिन, हार, नारळ. मी एका वाहिनीला ईमेल केला, की गाडी दाखवली ते चांगलं, पण आमच्या गल्लीत टँकर रात्री दोनला येतो, तेही दाखवा.

तिसऱ्या दिवशी माणूस आला. सकाळी अकरा वाजता! टँकर नव्हताच. मी त्याला ड्रमची रांग दाखवली. प्रत्येकावर ऑइलपेंटनं घर नंबर, झाकणाला साखळी आणि कुलूप. पाण्याच्या ड्रमला कुलूप, ही बातमी नव्हती का? तो म्हणाला, "ताई, हंडा डोक्यावर घेऊन चालत या ना." आम्ही ड्रम सरकवत नेतो, हंडा डोक्यावर घेतलेला मला आठवत नाही. देवघरातला पितळी हंडा काढला. भरावा म्हणलं तर म्हणाला, नको, रिकामाच घ्या, पाणी कुठून आणणार.

आठ सेकंद दाखवलं. खाली पट्टी : 'दुष्काळग्रस्त महिला'. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. दुसऱ्या दिवशी वर्गात एक पोरगं उठून म्हणलं, "मॅडम, तुम्ही हंडा उलटा धरला होता." बरोबर होतं त्याचं.

मूळचा उदगीरचा

सध्या मुक्काम व्हर्जिनिया. इकडं सी-स्पॅन नावाचं प्रकरण आहे. १९७९ पासून अमेरिकी संसदेचं कामकाज जसंच्या तसं दाखवतात. पैसा केबल कंपन्यांचा, सरकारचा नाही, जाहिराती नाहीत. सकाळच्या कार्यक्रमात लोक फोन करतात. रिपब्लिकन, डेमोक्रॅट आणि अपक्ष अशा वेगवेगळ्या लाइनी. निवेदक मत देत नाही, शांत चेहऱ्यानं ऐकून घेतो आणि पुढचा फोन घेतो. एकदा फोन लागला की तीस दिवस पुन्हा करायचा नाही असा दंडक. मी हे उदगीरला मामांना सांगितलं. मामा रोज कुठल्या ना कुठल्या वाहिनीला फोन लावतात. म्हणाले, "तीस दिवस? तवर माणूस पक्ष बदलतोय."

मी मात्र तिथं फोन न करता पत्रच पाठवलं. फोनवर माझं इंग्रजी बसतं, कागदावर उभं राहतं.

हिंगोलीकर

आमचे सासरे निवृत्त मुख्याध्यापक. २००६ ला लोकसभेची स्वतःची वाहिनी निघाली तेव्हापासून अधिवेशन म्हणजे त्यांच्यासाठी यात्रा. अकरा वाजता प्रश्नोत्तराचा तास लागायचा, त्याआधी आंघोळ, पूजा, औषधं उरकलेली. हातात वही. तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न किती लागले, मंत्र्यानं किती उत्तरं टाळली, याचा हिशोब. रोजच्या वीसांतले जेमतेम चार-पाच तोंडी होतात म्हणून तळमळायचे. बारा वाजता शून्य प्रहर सुरू झाला की आम्हाला जेवायला परवानगी.

त्यांनी स्वतःचे पुरवणी प्रश्न काढायला सुरुवात केली. 'मा. मंत्रिमहोदयांनी दिलेल्या उत्तरास अनुसरून' अशी सुरुवात आणि खाली अकोला-पूर्णा मार्ग, ईसापूरचं पाणी, हळदीचा भाव, सगळं. पाकिटावर लोकसभा टीव्हीचा पत्ता, तिकीट लावलेलं. आम्हाला वाटायचं टाकून येतात. ते गेल्यावर कपाटात अकरा पाकिटं निघाली, सगळी चिकटवलेली. सासूबाईंना माहीत होतं. म्हणाल्या, "लिहिलं की त्यांचा राग उतरायचा. मग टाकायला कशाला जातील?"

२०२१ ला दोन्ही सभागृहांच्या वाहिन्यांची मिळून संसद टीव्ही झाली. पाकिटांवरचा पत्तासुद्धा जुना झाला. एक फोडावं असं मला फार वाटतं, सासूबाई फोडू देत नाहीत.

कोरडा विहीरवाला

सगळ्यांचं वाचलं. माफ करा, पण पत्रानं कुठं काय होतं? कोयत्याच्या ताईंची महत्त्वाचीच ओळ कापली, लातूरच्या मॅडमना हंडा धरायला लावला. मी चार वाहिन्यांना पीकविम्याचं लिहिलं, एकाचंही उत्तर नाही.

मोसंबीवाला

दादा, माझी बाग वाचली ना.

कोरडा विहीरवाला

तुमची बाग नानांच्या बॅटरीनं वाचवली.

मोसंबीवाला

हे बी खरंय.

पोस्टमास्तरची लेक

गोदाकाठ, एक सांगायचं राहिलं. ते पंधरा पैशांचं कार्ड फेकू नका. आता कार्ड पन्नास पैशांचं आहे, फरकाचं तिकीट लावलं की जुनं कार्डही जातं. वडील असते तर त्यांनी स्वतः शिक्का मारून दिला असता.

गोदाकाठ

तिकीट आणलं. संध्याकाळी आईपुढं कार्ड धरलं आणि विचारलं, बाबांच्या 'स. न. वि. वि.'च्या पुढं काय लिहू? आईनं खिडकीतून बाहेर बघितलं. सोयाबीन अजून पाण्यात उभं आहे, कापसाची बोंडं काळी पडलीत.

"लिही," म्हणाली, "आता पुरे म्हणावं."