मदत हवी आहे : वजन उतरले, आता ते टिकवायचे कसे?

घोडबंदरकर
गेल्या वर्षी जूनमध्ये माझे वजन ८८ किलो होते. यंदा मेअखेर ते ७१ वर आले आणि ठरवलेला आकडा गाठल्यामुळे मी आहारातील काटछाट थांबवली. त्यानंतरच्या २० दिवसांत काटा ७३.४ वर गेला आहे. व्यायाम नेहमीप्रमाणे चालू आहे, खाणे व्यवस्थित आहे आणि बाहेरचे जवळजवळ बंद आहे. वजन कमी कसे करावे यावर लेखांचा ढीग सापडतो, परंतु उतरलेले वजन टिकवण्यासाठी नेमके किती खावे हे कोणी सांगत नाही. 'सातत्य ठेवा' असा सल्ला कृपया देऊ नये, कारण तो माझ्या जिमच्या भिंतीवर रंगवलेलाच आहे. पुन्हा काटछाट सुरू करावी की नाही, एवढेच सांगा. सोमवारपासून सुरुवात करायचा विचार आहे, त्यामुळे उत्तर लवकर मिळाले तर बरे होईल.

सीवूड्सची वसुधा
तुमचे वय आणि उंची किती? 'नेहमीप्रमाणे' म्हणजे आठवड्यातून किती दिवस, आणि 'व्यवस्थित' म्हणजे किती कॅलरी? वजन कधी मोजता? एवढे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे डोळे न तपासता चष्म्याचा नंबर सांगणे होईल.

बेलापूरचे आजोबा
यात विचार करण्यासारखे काहीच नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात त्याप्रमाणे दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा. मी चार वर्षे हेच करतो, रोज सकाळी नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानात पाऊण तास चालतो आणि माझे वजन एका किलोनेही हललेले नाही. जिमचे पैसे वाचतात ते वेगळेच.

लोखंडी
आजोबा, आपल्याला ही पद्धत मानवली याचा आनंद आहे, परंतु यांना केवळ वजन नव्हे, तर कमावलेले शरीर टिकवायचे आहे असे मी समजतो. त्यासाठी वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने धरली, तर ७१ किलोच्या माणसाला दिवसाला ११५ ग्रॅमच्या आसपास लागतात. एका अंड्यातून सहा ग्रॅम आणि वाटीभर वरणातून साधारण तेवढीच मिळतात, हे लक्षात घेऊन दोन जेवणांत हा हिशेब बसवून दाखवावा.

बेलापूरचे आजोबा
मी ग्रॅम मोजत नाही, मी जेवतो.

येऊरवारी
दोघांचेही चुकते आहे. जिम सोडा आणि उपवनमार्गे रोज पहाटे ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराचा चढ चढा. मात्र पावसाळ्यात बूट घेताना तळाच्या खाचा खोल आहेत का ते पाहावे आणि अर्धा नंबर मोठा घ्यावा, कारण उतरताना बोटे पुढे आपटून नखे काळी पडतात.

घोडबंदरकर
बुटांविषयी मी विचारलेले नाही. वय ३४, उंची १७२ सेंटिमीटर. आठवड्यातून चार दिवस वजने उचलतो. काटछाट चालू असताना १,६०० कॅलरी खात होतो, आता २,१०० खातो. वजन शनिवारी रात्री जिममध्येच मोजतो. आता तरी सांगा.

चरईकर
आधी साधा हिशेब करू. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. तुमचे २.४ किलो जर चरबीचे असतील, तर २० दिवसांत गरजेपेक्षा सुमारे साडेअठरा हजार कॅलरी जास्त, म्हणजे रोज सव्वानऊशे जास्त खाल्ल्या असल्या पाहिजेत. तुम्ही मात्र एकूण वाढच पाचशेची केली आहे. पोळी-भात वाढला की स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा पुन्हा भरतो आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. त्यात शनिवारी रात्री मोजायचे म्हणजे दिवसभराचे अन्नपाणीही काट्यावर चढवायचे. कमरेचा घेर मोजला आहे का?

सीवूड्सची वसुधा
आणि एखादे पूरक घेता का?

घोडबंदरकर
क्रिएटिनखेरीज काही नाही. जिममधले सगळेच घेतात म्हणून लिहिले नव्हते. ते जूनच्या सुरुवातीला चालू केले. पहिला आठवडा रोज २० ग्रॅम घेतले, आता ५ घेतो.

सीवूड्सची वसुधा
हे पहिल्याच ओळीत लिहिले असते, तर आजोबांना आणि लोखंडींना भांडावे लागले नसते. क्रिएटिनमुळे स्नायूंमध्ये पाणी साठते आणि २० ग्रॅमने सुरुवात केल्यास पहिल्याच आठवड्यात किलोभर वजन वाढणे अगदी सामान्य आहे. मी आहारतज्ज्ञ नाही, परंतु १४ किलो उतरवल्यानंतर असेच दोन किलो वाढलेले पाहून मी घाबरले, पुन्हा १,३०० कॅलरींवर गेले, तीन आठवडे कशीबशी काढली आणि मग चुलत बहिणीच्या लग्नात जी जेवायला बसले ती दिवाळीपर्यंत उठलेच नाही. माझे सहा किलो परत आले ते त्या दोन किलोंच्या भीतीने. म्हणून सोमवारी काटछाट सुरू करू नका. २,१०० वरच चार आठवडे राहा, रोज सकाळी शौचानंतर आणि काही खाण्यापूर्वी वजन करा आणि फक्त आठवड्याच्या सरासरीकडे पाहा. सरासरी आणि कंबर दोन्ही चढू लागली, तरच शे-दीडशे कॅलरी कमी करा.

लोखंडी
सहमत. ऐरोली किंवा अंधेरीहून घरी येईपर्यंत जीव जात असेल, तर सेट, म्हणजे प्रत्येक व्यायामाच्या फेऱ्या, कमी केले तरी चालतात. मिळवलेले स्नायू टिकवायला, ते मिळवताना केलेल्या कामाच्या एक तृतीयांश कामही बहुधा पुरते. मात्र उचलायची वजने हलकी करू नका. काटछाट संपल्यावर बरेच जण नेमके तेच करतात.

बेलापूरचे आजोबा
म्हणजे कमी करूनही भागते, हे तुम्हालाही मान्य आहे.

लोखंडी
आजोबा, सेट कमी करावेत, जेवणे नव्हे.

घोडबंदरकर
कंबर मेअखेर शिंप्याकडे पँट घट्ट करून घेताना ८२ सेंटिमीटर होती, आत्ता मोजली तर तेवढीच आहे. आज सकाळी उपाशीपोटी घरच्या काट्यावर ७२.३ भरले. काटछाट करत नाही. फक्त एक विचारायचे राहिले: पुढच्या आठवड्यापासून मला महिनाभर रात्रपाळी आहे, तर 'सकाळ' कोणती धरावी?

सीवूड्सची वसुधा
झोपून उठाल ती. आणखी काही सांगायचे राहिले असेल, तर तेही आजच सांगून टाका.