नाताळनंतरच्या सुट्टीत आईबाबांना घेऊन कुठे जावं? (मिल्टन, ओंटारिओ, कॅनडा)

मिल्टनकरीण
नमस्कार मंडळी, आईबाबा नोव्हेंबरात सांगलीहून आलेत, इथला त्यांचा पहिलाच हिवाळा. नाताळचं जेवण, ट्री, गिफ्टं, पोरांचा धिंगाणा सगळं आटपलं आणि आता शाळा उघडेपर्यंतचे दिवस आ वासून समोर उभे. सव्वीसला हौसेनं बॉक्सिंग डेच्या सेलला मॉलमध्ये नेलं तर पार्किंग शोधण्यातच पाऊण तास गेला आणि आई फूडकोर्टात पर्स छातीशी धरून बसून राहिली, परत नाव नको. बाबा सकाळपासून माकडटोपी घालून खिडकीत, समोरचा ड्राइव्हवे कोण उपसतंय ते बघतात आणि पावणेपाचला अंधार पडला की "झाला का दिवस?" म्हणतात. गुडघे गेलेत त्यांचे (एसटीत कंडक्टर होते, जन्म उभ्यानं गेला), त्यामुळे स्कीबिकी सांगू नका. सगळ्यांना मिळून शांतपणे थोडं बाहेर पडता येईल असं काही आहे का? लायटिंग बघून झालंय.

दाणेवाला
बर्लिंग्टनची हेंड्री व्हॅली. रॉयल बोटॅनिकल गार्डनचाच भाग आहे, चेरी हिल गेटला गाडी लावायची (पार्किंगला पैसे पडतात). सपाट वाट आहे, बाबांना जमेल. सूर्यफुलाच्या बिनमिठाच्या बिया न्या, तळहातावर ठेवून हात लांब करा आणि गप उभे राहा. चिकडी नावाचा काळ्या टोपीचा पक्षी येऊन थेट बोटांवर बसतो, वजन जेमतेम अकरा-बारा ग्रॅम. एकच बी उचलतो आणि पळतो, कारण बऱ्याचशा बिया तो खात नाही, झाडाच्या सालीत एकेक करून लपवतो आणि नंतर बरोबर शोधून काढतो. रात्री अंगाचं तापमान दहाएक डिग्रीनं खाली आणून थंडी काढतो हा एवढासा जीव, आपण हीटर तेवीसवर ठेवून कुडकुडतो. कठड्यावर बियांचे ढीग ओतून येऊ नका मात्र, लोक ओततात आणि मग उंदीर होतात.

खडूस_काका
सगळं खरंय पण आधी बूट बघा. एकदा बर्फ वितळून रात्री परत गोठला की त्या वाटेवर काच पसरल्यासारखं होतं, आमच्या हिनं मनगट मोडून घेतलंय. बुटांना खालून अडकवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे मिळतात ते दोघांना आणा. आई साडी नेसत असतील तर आतून थर्मल आणि वर लांब जाकीट, नुसत्या स्वेटरवर नेऊ नका. आणि तळं गोठलेलं दिसलं म्हणून पोरांना वर जाऊ देऊ नका, डिसेंबरातल्या बर्फाचा काही भरवसा नाही. दहाच्या आत पोचा, नंतर तिथंही जत्रा असते.

ओकव्हिलची_माई
परत येताना लासाल पार्क करा, तिथून जवळच आहे. ट्रम्पेटर हंस हिवाळ्याला असतात तिथल्या बंदरात, मोठा नर दहा-बारा किलोचा. ओंटारिओतून हा पक्षी शिकारीपायी 1886 मध्येच संपला होता, 1982 पासून हॅरी लम्सडेन नावाच्या जीवशास्त्रज्ञानं परत वाढवायला सुरुवात केली तेव्हा आज दिसतायत. पाव टाकू नका त्यांना.

वसईवाला
आमच्याकडे नाताळ पंचवीसला संपतच नाही हो, सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा हलत नाही. संध्याकाळी मागल्या दारी वालाच्या शेंगा निवडत बसायचं आणि पाहुणे गेल्यावर उरलेल्या करंज्यांचा डबा फिरवायचा, खरा सण तोच. ताई, थर्मासमधून आल्याचा चहा न्या, तिकडचा कागदी पेल्यातला नको.

मिल्टनकरीण
जाऊन आलो!! काल उणे सात होतं. पोरं दोन मिनिटं गप राहिली असतील, चिकडी काही येईना, मग आईनं दोघांना लांब नेऊन डिंकाचे लाडू दिले आणि इकडे बाबा एकटे हातमोजा काढून उभे. काका, पट्टे घातले होते, धन्यवाद. तर पाच-सात मिनिटांनी एक आली, बाबांच्या अंगठ्यावर बसली, एक बी उचलून टाकून दिली, दुसरी घेतली आणि उडाली. बाबा हलले नाहीत, श्वाससुद्धा धरून ठेवलेला, आणि मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाले, "नखं टोचतात गं तिची." नंतर अर्धा तास हात खाली करेनात, बोटं लालबुंद. शेवटी आईनं तो हात स्वतःच्या शालीत ओढून घेतला आणि दोघं बाकावर तसेच बसून राहिले, मी चहा ओतला तरी कोणी बोललं नाही.

हंसांकडे पण गेलो. ते पिपाणीसारखे ओरडतात, धाकटा पोट धरधरून हसत होता. काहींच्या पंखाला पिवळा नंबर लावलेला, तो बघून बाबा म्हणाले, याला पण बिल्ला आहे, डेपो कुठला?

आज सकाळपासून माकडटोपी घालून तयार बसलेत. दाणेवाले, बियांची मोठी पिशवी स्वस्तात कुठे मिळते?