दोन सर्व्हरसाठी सामायिक स्टोअरेज: आयएससीएसआय, एनएफएस, की दोन्ही नकोत?

उद्यमबागकर

बेळगावच्या उद्यमबागेत आमचे कास्टिंगच्या मशिनिंगचे युनिट आहे. ईआरपीचा (कारखान्याच्या साठा-हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस, ड्रॉइंगचा फाइल सर्व्हर, टॅली, हजेरी आणि तपासणी अहवाल अशी सगळी व्हर्च्युअल मशिने (व्हीएम, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारे आभासी संगणक) दोन सर्व्हरवर चालतात. डिस्क ज्या त्या सर्व्हरच्या आतच असल्यामुळे एक सर्व्हर बंद पडला की त्यावरचे काम दुसऱ्यावर उचलून नेता येत नाही. यावर उपाय म्हणून मालकांनी सामायिक स्टोअरेजला मंजुरी दिली असून पुण्याच्या एका विक्रेत्याने आयएससीएसआयवर (नेटवर्कवरून कोरी डिस्क देण्याच्या पद्धतीवर) चालणाऱ्या सॅनचे, म्हणजे अनेक सर्व्हरना डिस्क पुरवणाऱ्या बॉक्सचे, कोटेशन पाठवले आहे. माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. आमच्या आकाराच्या कारखान्याने एनएफएस (नेटवर्कवरून तयार फाइली देण्याची पद्धत) देणारा बॉक्स घ्यावा, असे मला वाटते.

आयएससीएसआयमध्ये नेटवर्कवरून येतो तो कोरा ब्लॉक. त्यावर फाइल सिस्टिम (फाइलींची मांडणी) सर्व्हरने उभारायची, आणि आत काय आहे याचा स्टोअरेजला पत्ता नसतो. एकच लन (स्टोअरेजने दिलेली अशी कोरी डिस्क) दोन सर्व्हरवर ईएक्सटी4 या लिनक्सच्या साध्या फाइल सिस्टिमने माउंट केली, तर दोघेही स्वतःला एकटा मालक समजून लिहीत राहतात. त्या वेळी कोणताही इशारा येत नाही आणि फाइल सिस्टिम विस्कटल्याचे पुढे केव्हातरी कळते. व्हीएमवेअरकडे त्यासाठी व्हीएमएफएस ही अनेक सर्व्हरनी एकत्र वापरायची फाइल सिस्टिम आहे. आम्ही मात्र व्हर्च्युअल मशिने चालवायला प्रॉक्समॉक्स वापरतो. तेथे सामायिक लनवर एलव्हीएम (डिस्कची जागा वाटणारी लिनक्सची सोय) घातल्यास स्नॅपशॉटची (त्या क्षणाची स्थिती जपून ठेवण्याची) सोय अनेक वर्षे नव्हती, आणि 2025 च्या नवव्या आवृत्तीतही ती प्रायोगिक म्हणूनच आली. एनएफएसवर फाइल सिस्टिम स्टोअरेजच सांभाळते आणि व्हीएमची डिस्क ही एक फाइल असते. ती डोळ्यांनी दिसते, कॉपी करता येते, आणि मी रजेवर असताना माझ्या सहकाऱ्यालाही ती शोधता येते. सन कंपनीने 1984 मध्ये आणलेले एनएफएसचे तंत्र जुने झाले, एवढ्यावर विक्रेत्याने ते मोडीत काढणे मला पटत नाही.

चिकोडीकर

आपला मुद्दा ड्रॉइंगच्या फाइलींपुरता मान्य आहे, डेटाबेससाठी नाही. मी एका सौहार्द पतसंस्थेचे संगणक सांभाळतो, त्यामुळे माझी काळजी वेगळी आहे. डेटाबेस व्यवहार पक्का करताना डिस्कला विचारतो, ‘लिहिलेस का?’ आणि होकार आल्याशिवाय पुढे जात नाही. एनएफएसच्या बॉक्सवर वेग दिसावा म्हणून निर्यात (फोल्डर वाटून देण्याची सेटिंग) पुष्कळदा ‘असिंक’ ठेवलेली असते. म्हणजे मजकूर अजून मेमरीतच असताना बॉक्स ‘लिहिले’ असे सांगून मोकळा होतो. आपल्या भागात जून-जुलैत वाऱ्यापावसाने वीज कशी जाते, हे निराळे सांगायला नको. यूपीएसची बॅटरी दमलेली असली, तर तेवढ्या सेकंदांतल्या नोंदी गेल्या. काउंटरवर ठेवीची पावती छापून सभासदाच्या हातात गेली आहे आणि खात्यात ती नोंदच नाही, हा प्रसंग पुढच्या सर्वसाधारण सभेत कसा गाजेल याची कल्पना करा. बॅटरीचे संरक्षण असलेला राइट कॅश (लिहायचा मजकूर तात्पुरता धरणारी मेमरी) आणि दोन कंट्रोलर (डिस्क चालवणारे भाग) असलेला सॅन त्यासाठीच महाग असतो.

दुसरे म्हणजे मार्गांचा प्रश्न. आयएससीएसआयला मल्टिपाथ जन्मतः जमतो. दोन स्वतंत्र स्विच आणि दोन स्वतंत्र मार्ग ठेवले, की एक केबल निघाली तरी काम चालू राहते. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत मात्र माउंटमागे सामान्यतः एकच टीसीपी जोडणी असते, आणि चार पोर्ट एलएसीपीने बांधले तरी ती एक जोडणी एकाच पोर्टवरून जाते. एक गिगाबिटच्या पोर्टवर सेकंदाला 110 मेगाबाइटच्या आसपास वेग येतो. उरलेले तीन पोर्ट त्या वेळी शोभेचे असतात.

उद्यमबागकर

असिंकबद्दल वाद नाही, ते बंदच असले पाहिजे. सिंक (खरोखर लिहून झाल्यावरच होकार) ठेवून वेग हवा असेल, तर झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरणाऱ्या बॉक्समध्ये लेखनाच्या लॉगसाठी वीज-संरक्षित एसएसडी वेगळा लावता येतो. बाजारात दुकानावर मिळणारा साधा एसएसडी तेथे चालत नाही, कारण वीज जाताच त्याच्या स्वतःच्या कॅशमधले जाण्याची भीती राहते. जोडणीच्या बाबतीत मात्र आपली माहिती थोडी मागची आहे. लिनक्सच्या 5.3 या 2019 मधल्या कर्नेलपासून ‘एनकनेक्ट’ हा पर्याय आहे. त्याने एका माउंटसाठी अनेक टीसीपी जोडण्या उघडतात, आणि कोणती जोडणी कोणत्या केबलवर जाईल हे ठरवणाऱ्या हॅशमध्ये पोर्ट क्रमांक धरला असेल तर त्या वेगवेगळ्या केबलवर विभागल्या जाऊ शकतात.

मलप्रभाकाठ

आपण दोघेही एका गोष्टीवरून पुढे निघून गेलात. आज आपले दोन सर्व्हर स्वतंत्र आहेत. एक पडला तर निम्मे काम थांबते. उद्या सामायिक बॉक्स घेतला आणि तो पडला, की दोन्ही सर्व्हर धडधाकट असूनही सगळे थांबणार. दोन कंट्रोलर असले तरी फर्मवेअर एकच, बॅकप्लेन (सगळ्या डिस्क जोडणारी पाटी) एक आणि बॉक्सही एकच.

खानापुरात एका शिक्षणसंस्थेसाठी आम्ही सामायिक स्टोअरेज जाणीवपूर्वक टाळले. प्रत्येक सर्व्हरमध्ये स्वतःच्या एसएसडी ठेवल्या आणि झेडएफएसच्या प्रतिकृती एकमेकांकडे पाठवल्या. प्रॉक्समॉक्समध्ये ही सोय आतच आहे आणि मूळ अंतर 15 मिनिटांचे असते, जे कमी करता येते. कोण चालू आहे हे ठरवणाऱ्या मतासाठी तिसरा घटक म्हणून एक लहानसा संगणक कोपऱ्यात ठेवला, कारण दोन सर्व्हरमधला दुवा तुटला की दोघेही स्वतःला जिवंत आणि दुसऱ्याला मेलेला समजतात. सेफ (Ceph, अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र करणारी स्टोअरेज प्रणाली) सुद्धा पाहिले होते. पण तेथे प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवणे हा रिवाज आहे, त्यामुळे किमान तीन सर्व्हर आणि 10 गिगाबिटचे नेटवर्क हवे. दोन सर्व्हरच्या घरी तो पाहुणा परवडत नाही.

आणखी एक विचारतो. कंट्रोलर बदलायचा झाल्यास तो येणार कोठून? पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, बेंगळुरू पाचशे. कोटेशनवर ‘चार तासांत सेवा’ असे लिहिलेले असते, पण ती कोणत्या शहराच्या हद्दीत लागू आहे, हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते. आमच्या परिचयातल्या एका गोदामाचा बॉक्स शनिवारी बंद पडला, आणि सुटा भाग मंगळवारी पोचेपर्यंत तेथील बिले हाताने फाडली जात होती. सर्व्हरमधला एसएसडी मात्र बेळगावात त्याच दिवशी मिळतो.

चिकोडीकर

15 मिनिटांची प्रतिकृती म्हणजे 15 मिनिटांचे नुकसान, असाच त्याचा अर्थ झाला. अंतर एक मिनिटावर आणले तरी पावतीचा प्रश्न सुटत नाही, फक्त पावत्यांची संख्या कमी होते. समकालिक प्रतिकृती हवी असेल, तर डीआरबीडी (नेटवर्कवरून दुसऱ्या सर्व्हरच्या डिस्कवर प्रत ठेवणारे सॉफ्टवेअर) आहे. पण त्यात दोन्हीकडे लिहून झाल्याशिवाय होकार मिळत नाही आणि दुवा मंदावला की डेटाबेसही मंदावतो. शिवाय दोन्ही बाजूंनी वेगवेगळे लिहिले गेल्यावर खरी प्रत कोणती, हे रात्री अकरा वाजता ठरवण्याची जबाबदारी मी एकट्याने घेणार नाही. सॅनमध्ये ती उत्पादकावर असते, आणि त्यासाठी पैसे मोजणे मला रास्त वाटते.

टिळकवाडी

थोडक्यात दोन गोष्टी. बॉक्समधला स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. बॉक्स गेला की स्नॅपशॉटही जातो. दुसरे, स्टोअरेजचे नेटवर्क कार्यालयाच्या लॅनपासून वेगळे ठेवा. 2049 (एनएफएस) किंवा 3260 (आयएससीएसआय) हे पोर्ट स्वागतकक्षातल्या लॅपटॉपवरून उघडे दिसत असतील, तर रॅन्समवेअरला तो रस्ता मोकळा आहे, मग प्रोटोकॉल कोणताही असो.

उद्यमबागकर

कोटेशन पुन्हा उघडून पाहिले, आणि प्रोटोकॉलच्या वादात एक मोठी गोष्ट झाकली गेली होती असे लक्षात आले. बॉक्समध्ये 16 टेराबाइटच्या सहा डिस्क आहेत, त्या रेड 6 मध्ये (दोन डिस्क गेल्या तरी माहिती टिकवणारी मांडणी), आणि वर ठळक अक्षरांत ‘10 जी’. 7200 आरपीएमची एक डिस्क विखुरलेली लेखन-वाचने सेकंदाला साधारण 80 करते. रेड 6 मध्ये एका लहान लेखनामागे सहा हालचाली होतात: जुना मजकूर आणि दोन पॅरिटी (हरवलेला मजकूर परत काढण्याच्या नोंदी) वाचायच्या, मग तिन्ही पुन्हा लिहायच्या. सहा डिस्कच्या मिळून 480 हालचाली, भागिले सहा, म्हणजे लेखने पुन्हा 80 वरच. एवढा खर्च करून डेटाबेसच्या वाट्याला एका डिस्कइतकाच वेग येणार. कॅश पहिला लोंढा झेलेल, पण महिनाअखेरीस ईआरपीमध्ये साठ्याचा ताळमेळ तासभर चालतो, तेव्हा तो भरून जाईल. याच डिस्क रेड 10 मध्ये (प्रत्येक डिस्कची जुळी प्रत ठेवणारी मांडणी) लावल्या, तर लेखनामागे दोनच हालचाली होतात आणि 240 मिळतात, मात्र जागा निम्मीच उरते. केबल 10 गिगाबिटची असो की एकची, या आकड्यांना फरक पडत नाही.

एक डिस्क गेली तर? 16 टेराबाइट पुन्हा भरताना सेकंदाला 200 मेगाबाइटचा वेग अखंड राहिला असे धरले, तरी 22 तास लागतात. आणि चालू कामाच्या भाराखाली तो वेग कोठेच राहत नाही. तेवढा वेळ कारखाना त्याच डिस्कवर चालणार.

त्यामुळे सगळे एका बॉक्सवर ठेवण्याचे माझे सुरुवातीचे म्हणणे मी बदलतो. डेटाबेस दोन्ही सर्व्हरमधल्या वीज-संरक्षित एसएसडीवर राहील आणि त्याची प्रत डेटाबेसच स्वतःच्या समकालिक प्रतिकृतीने दुसऱ्या सर्व्हरवर ठेवेल, म्हणजे चिकोडीकरांच्या पावतीचीही सोय होते. बाकीच्या व्हीएमच्या प्रती मलप्रभाकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे एकमेकांकडे जातील. ड्रॉइंग आणि तपासणी अहवाल एनएफएसच्या बॉक्सवर, सिंक ठेवून. तो बॉक्स दोन दिवस बंद पडला, तरी चालू जॉबची ड्रॉइंग मशिनजवळ कागदावर असतातच. आयएससीएसआय यात कोठेही लागत नाही.

चिकोडीकर

म्हणजे आता आपल्याकडे एका यंत्रणेऐवजी तीन झाल्या: डेटाबेसची प्रतिकृती, व्हीएमची प्रतिकृती आणि एनएफएस. प्रत्येकीचा इशारा वेगळा, प्रत्येकीचा पासवर्ड वेगळा. सहकाऱ्याला फाइल सापडावी हा आपला पहिला मुद्दा होता, तो या रचनेत टिकतो असे मला वाटत नाही. समकालिक प्रतिकृतीतला दुसरा सर्व्हर देखभालीसाठी बंद केला, तर पहिल्यावरचे व्यवहार अडून राहतात, हेही त्या सहकाऱ्याला माहीत असावे लागेल.

उद्यमबागकर

तो दोष आहे आणि तो मी पत्करतो. देखभालीच्या वेळी समकालिक प्रतिकृती कशी सैल करायची, हे सर्व्हरच्या रॅकवर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून लावणार आहे, कारण रात्रपाळीचा सहकारी बैलहोंगलचा आहे. विक्रेत्याला मात्र एक अट घातली आहे: पैसे देण्यापूर्वी आमच्या समोर, ईआरपीत नोंदी चालू असताना, आधी एक केबल आणि मग एक सर्व्हरचा वीजपुरवठा काढून दाखवायचा. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.

मलप्रभाकाठ

त्या चाचणीत बॉक्समधली एक डिस्कही हाताने ओढून काढायला सांगा, आणि पुनर्भरण चालू असताना ड्रॉइंग उघडायला किती वेळ लागतो, ते आपल्याच संगणकावर बसून पाहा.