पाचोरा-जामनेर रेल्वे म्हणजे पीजे कधी बांधली, कशासाठी? आणि आमचे आजोबा नेमके कशावर होते?

जामनेरकर_८८
राम राम मंडळी. आमचं घर जामनेरचं. आजोबा पीजेवर होते असं लहानपणापासून ऐकतोय, आजी विचारलं की एवढंच सांगायची, "तुहा आजा गाडीवर होता." ते गेले तेव्हा बाबा दहा वर्षांचे, त्यामुळे त्यांनाही जास्त आठवत नाही. मागच्या महिन्यात जुनं घर पाडायला घेतलं, सगळे कागद काढून बघितले पण रेल्वेचा एक कागद नाही, पास नाही, बिल्ला नाही, पेन्शनचं तर नावच नाही. माळ्यावर फक्त एक लोखंडी आकडा सापडला, वीतभर, लाकडी मुठीचा, मूठ झिजून गुळगुळीत झालेली. चाऱ्याचा असेल असं बाबा म्हणतात.

तर दोन गोष्टी विचारायच्या होत्या. ही लाइन कधी आणि कशासाठी झाली, एवढी छोटी का केली? आणि आजोबा तिथं काय करत असतील याचा अंदाज कोणी देऊ शकेल का? टिंगल करू नका प्लीज, मला खरंच जाणून घ्यायचंय.

तापीकाठ
भाऊ टिंगल कशाला, चांगला प्रश्न आहे. पीजे १९१८-१९ ची, पहिलं महायुद्ध संपता संपता झालेली. आधी पाचोऱ्याहून पहूरपर्यंत आणि मग जामनेर, एकूण ५६ किमी. मधे वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा. गाडी पूर्व खानदेशातली, जो तेव्हा मुंबई इलाख्यात होता. चालवायची जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे.

कशासाठी म्हणाल तर कापूस. मुंबईची मेन लाइन पाचोरा-जळगाव-भुसावळवरून गेली पण जामनेर तालुक्याची काळी जमीन बाजूलाच राहिली, तिथला माल बैलगाडीनं यायचा आणि पावसाळ्यात गाडीवाट म्हणजे नुसता चिखल. म्हणून ही फीडर लाइन, मेन लाइनपर्यंत माल आणून देणारी. कमी खर्चात व्हावी म्हणून दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, ७६२ मिमी, म्हणजे नॅरोगेज; मेन लाइनचं साडेपाच फूट, ते ब्रॉडगेज. रूळ हलके, पूल छोटे, इंजिन छोटं.

खानदेशी_मन
धुळे-चाळीसगाव पण आधी नॅरोगेजच होती ना? आमच्याकडे लोक तसंच सांगतात.

तापीकाठ
नाही हो, ती १९०० पासून ब्रॉडगेजच. आपल्या जिल्ह्यात छोटी ही एकच.

शेंदुर्णीची_लेक
वाचून पोटात कालवलं. मी दोन वर्षं शेंदुर्णीहून पाचोऱ्याला कॉलेजला पीजेनं गेले, पासवर. चार-पाच डबे, पळायची कसली, पूर्ण प्रवासाला पावणेदोन-दोन तास, पण एसटी चुकली तरी गाडीची आशा असायची आणि बापानं कॉलेजला पाठवलं ते गाडीचं भाडं परवडत होतं म्हणून, हे मी कुठंही सांगेन. दूधवाले, भाजीवाल्या बाया, लग्नाचं वऱ्हाड, सगळं त्यातच. गर्दीच्या दिवशी पोरं टपावर. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊनला थांबली ती थांबलीच. आता ब्रॉडगेज मंजूर झालीय, जामनेरपुढे थेट बोदवडपर्यंत, ८४ किमी, म्हणजे नागपूरच्या मेन लाइनला जाऊन मिळेल. व्हावीच, पण तोवर पासवाल्या पोरींनी काय करायचं हे कुणी विचारलं नाही याचा मला आजही राग आहे.

गुड्सवाल्याचा_मुलगा
जामनेरकर, तुमचा आकडा चाऱ्याचा नाही. मी सांगतो, जरा सविस्तर लिहितो.

माझे वडील पाचोऱ्याला गुड्स ऑफिसात क्लार्क होते, मी शाळेतून सुटलो की तिथंच. तापीकाठ यांनी अडीच फूट आणि साडेपाच फूट सांगितलं ना, सगळी गोष्ट त्यातच आहे. छोट्या लाइनचा डबा मोठ्या लाइनवर चढू शकत नाही. म्हणजे जामनेरहून, पहूरहून आलेली कापसाची प्रत्येक गाठ, प्रत्येक पोतं पाचोऱ्याला उतरवायचं आणि शेजारच्या मोठ्या डब्यात परत भरायचं. ट्रान्शिपमेंट म्हणायचे त्याला. आणि ते करायला मशीन नव्हतं, माणसं होती. हमाल दोन डब्यांच्या मधे फळी टाकायचे आणि गाठीत आकडा रुतवून ओढायचे, दोघं पुढून ओढणारे, दोघं मागून रेटणारे. पक्की गाठ आजच्या हिशोबानं १७० किलोची, एकट्याचं काम नाही. आकडा ज्याचा त्याचा, घरी न्यायचा, दुसऱ्याच्या हाताला दुसऱ्याची मूठ बसत नाही म्हणायचे.

आणि हे हमाल रेल्वेचे नोकर नव्हते, हमालीच्या कंत्राटदाराचे होते. म्हणून पास नाही, बिल्ला नाही, पेन्शन नाही. पगारपत्रकात नाव नसलं तरी गावात सगळे त्यांना गाडीवरचाच माणूस म्हणायचे. आजी चुकीचं सांगत नव्हत्या.

पुढं ट्रक आले. ट्रक कापूस पिंजणाऱ्या जिनच्या दारात उभा राहतो आणि मधे कुठं उतरवावं लागत नाही. लाइन स्वस्तात बांधली पण दोनदा भरण्या-उतरवण्याचा खर्च कायम मानेवर बसला, त्यात माल गेला, माणसं राहिली. मूठ कशाची आहे तेवढं सांगा, बाभळीची असेल तर मला नवल वाटणार नाही.

जामनेरकर_८८
काका, बाभळीचीच आहे. हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले आजोबांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता, आम्हाला वाटायचं जन्मापासूनच तसा. आणि ते आठवडाभर पाचोऱ्यालाच राहायचे, घरी एक दिवस यायचे, येताना शेवटच्या गाडीनं. ते आत्ता आठवलं त्यांना.

ती दोन डब्यांची जागा स्टेशनात नेमकी कुठं होती? रविवारी बाबांना घेऊन यायचा विचार आहे.

गुड्सवाल्याचा_मुलगा
या ना. मी दाखवतो, स्टेशनावरच येतो. आकडा सोबत आणा.