सासूबाईंच्या तोंडाला वास येतो. पोटाचं दुखणं की दातांचं? मदत हवी आहे

सीमेवरची सून:
नमस्कार. आम्ही निपाणीजवळच्या एका खेड्यात राहतो. विषय जरा अवघड आहे, घरात कुणाशी बोलता येईना म्हणून इथं विचारते.

सासूबाई साठीच्या आहेत. बऱ्याच दिवसांपासून त्यांच्या तोंडाला फार वास येतो, शेजारी बसलं तरी जाणवतो. धाकटा नातू तर त्या पापी घ्यायला गेल्या की "आजी, वास" म्हणून तोंड फिरवतो. हल्ली त्या बोलताना पदर तोंडाला लावतात, हळदीकुंकवालाही कुठं जात नाहीत.

मिसरीची सवय लग्नाआधीपासूनची. आमच्या भागात तंबाखूला काय तोटा? तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, चुरून डबीत भरायचा. सकाळी लावतात, जेवण झालं की लावतात, रात्री तर तशीच तोंडात ठेवून झोपतात. ब्रश कधी हातात धरला नाही. मिसरीनं दात घट्ट राहतात म्हणतात, पण खालचे पुढचे दोन दात हलतात आणि भाकरीचा तुकडा दातानं तोडला की उरलेल्या तुकड्यावर रक्ताची लाल रेघ दिसते. बीपीसाठी अॅमलोडिपिन चालू आहे. शुगर कधी तपासलेली नाही.

गावातल्या डॉक्टरांनी पोट साफ नाही म्हणून गॅसच्या गोळ्या आणि चूर्ण दिलं. पोट साफ झालं, वास आहे तिथंच. नणंद म्हणते त्रिफळा द्या, जाऊबाई म्हणतात लवंग धरायला सांगा.

वास खरंच पोटातून येतो का? कुठल्या डॉक्टरकडं न्यायचं? आणि मुख्य म्हणजे, त्यांना सांगायचं कसं? मी सून. मी हा विषय काढला की घरात रामायण.

मलप्रभेकाठचा:
आमच्याकडं खोबरेल तेलाच्या गुळण्या करतात. आठ दिवस करून बघा की, जातोय वास.

दाताची डॉक्टरीण:
बेळगावात दातांचीच प्रॅक्टिस करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तोंडाच्या वासाचं मूळ साधारण 80 ते 90 टक्के वेळा तोंडातच असतं. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, गिळताना किंवा ढेकर येताना तेवढी उघडते. त्यामुळं पोटातून सतत वास वर येत राहणं फार कमी. लसणाची गोष्ट वेगळी, त्याचा वास रक्तातून फुफ्फुसात जाऊन श्वासावाटे येतो, म्हणून लसणाची चटणी खाल्ल्यावर कितीही दात घासले तरी तो जात नाही.

तोंडात वास तयार होतो तो जंतूंमुळं. हवा न लागणाऱ्या जागी, म्हणजे दात-हिरडीच्या फटीत आणि जिभेच्या मागच्या भागावर, ते अन्नातली, लाळेतली प्रथिनं कुजवतात आणि त्यातून गंधकाचे वायू सुटतात. सडक्या अंड्याचा वास येतो तो हाच. जिभेचा मागचा भाग घोंगडीसारखा खरखरीत, त्यात हे सगळं अडकून राहतं. एक चमचा जिभेवर मागून पुढं ओढा, थोडं थांबून वास घ्या, कळेल. तोंड मिटून नुसत्या नाकानं श्वास सोडताना घाण वास आला तर मात्र नाक किंवा सायनस दाखवा.

तुमच्या सासूबाईंचे दात हलतायत, रक्त येतंय. हे वर्णन पायरियाचं वाटतं. दातावरचं कीटण हिरडीखाली उतरलं की हाड झिजतं. गुळण्या, लवंग, त्रिफळा यांनी ते कीटण निघत नाही, वरचा वास तासभर झाकला जातो एवढंच. क्लीनिंग करावंच लागेल. क्लीनिंगनं दात हलतात ही बेळगावभर पसरलेली समजूत आहे. दात आधीच सैल असतात, कीटण निघाल्यावर ते जाणवायला लागतं.

अॅमलोडिपिननं काहींच्या हिरड्या सुजून वाढतात. पण गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा आणि विचारा. शुगरही तपासून घ्या, ती वाढलेली असली की हिरड्या लवकर बऱ्या होत नाहीत.

तोवर मऊ ब्रशनं दोन वेळा दात घासणं, टंग क्लीनर मागपर्यंत हलक्या हातानं फिरवणं आणि दिवसभर थोडं थोडं पाणी पिणं. लाळ कमी झाली की वास वाढतो, उपवासाच्या दिवशी येतो तो त्यामुळंच. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश दातांच्या डॉक्टरांनी दिलं तर ते सांगतील तितकेच दिवस, बहुधा दोन आठवडे. जास्त वापरलं तर दात डागाळतात, तोंडाची चव बिघडते. ब्रश आणि त्याच्यात अर्धा तास अंतर ठेवा.

एक गोष्ट टाळू नका. गालाच्या, ओठाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा, लाल चट्टा, न भरणारी जखम, गाठ दिसते का, हे मिसरी लावणाऱ्यांत बघितलंच पाहिजे. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही.

बेळगावात केएलईचं आणि मराठा मंडळाचं अशी दोन डेंटल कॉलेजं आहेत, तिथल्या ओपीडीत खाजगीपेक्षा खर्च कमी येतो. मराठीत बोललं तरी चालतं, सासूबाईंना कन्नड येत नसेल तर काळजी नको.

चिकोडीचा मास्तर:
मिसरीबद्दल. आमच्या आईनं एकदम सोडली तेव्हा दोन-तीन आठवडे चिडचिड, डोकं दुखणं, झोप नाही. हे होणारच, आत निकोटीन असतं. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत फोन आहे, 1800-11-2356, तंबाखूच्या पुड्यांवर छापलेला असतो. आईला रात्रीची मिसरी सोडणं सगळ्यात जड गेलं. तिच्या जागी बडीशेप दिली आम्ही.

आणि सांगायचं कसं म्हणता? पदर लावतात असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे त्यांना माहीत आहे. वासाचा विषय काढूच नका. दात हलतोय, भाकरीला रक्त लागतंय, एवढं बोला. आणि ते मुलानं बोलावं, सुनेनं नाही.

सीमेवरची सून:
काल ह्यांनीच विषय काढला, दाताचा. सासूबाई लगेच तयार झाल्या. अट एकच, दात काढायचा नाही. वरून म्हणाल्या, "मिसरीचं नंतर बघू." आता डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दात काढा म्हटलं तर? परत कधी येणार नाहीत त्या.

दाताची डॉक्टरीण:
आधी एक्स-रे काढतात, हाड किती उरलंय ते बघतात, मग ठरतं. थोडा हलणारा दात क्लीनिंगनंतर वाचतोही. अट डॉक्टरांना आत जाण्याआधीच सांगून ठेवा. बीपीची गोळी त्या दिवशी चुकवू नका, नाश्ता करून न्या आणि गोळ्यांची पट्टी सोबत ठेवा. जमलं तर सकाळी लवकर निघा, ओपीडीचे केसपेपर आधी करावे लागतात.